अंधार करून मिळेल

९ नोव्हेंबर

चि. ठिणगी,

आशीर्वाद. पाकीट बघून घाबरू नकोस, इथे सगळे धडधाकट आहेत. फोन न करता लिहायला बसले, कारण फोनवर मला अर्धं ऐकू येतं आणि राहिलेलं अर्धं मी मनाने भरते. मागच्या वेळी तू म्हणालीस "फुगा सोडला", मला ऐकू आलं "मुलगा सोडला", आणि तो मुलगा कोण, का सोडला, या विचाराने मला दोन दिवस अन्न गोड लागलं नाही. कागदावर निदान ओरडावं लागत नाही.

बातमी अशी की माझ्या दुसऱ्या डोळ्याचाही मोतीबिंदू काढला. आता मला सगळं दिसतं. छताची जळमटं दिसतात, शेजारीणबाईंचे केस कुठपर्यंत रंगवलेले आहेत ते दिसतं, आणि आरशात एक म्हातारी दिसते. तिच्याशी अजून ओळख व्हायची आहे. डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, आता बघून घ्या काय बघायचं ते. मी ठरवलं, आकाश बघायचं. अडुसष्टावं लागलं तरी मी एकही तुटता तारा पाहिलेला नाही. माणसाने इतकं मागे राहू नये.

म्हणून काल जेवणं झाल्यावर गच्चीवर गेले. आकाशात तीन तारे सापडले. त्यातला एक हळूहळू सरकला आणि विमान निघाला. दुसरा मोबाइलच्या टॉवरवरचा दिवा. राहिला एक, आणि एका ताऱ्यासाठी मी काही रोज जिने चढणार नाही.

यात आकाशाचा दोष नाही, दाताचा आहे. समोरच्या इमारतीवर दातांच्या डॉक्टरांची पाटी तुला आठवत असेलच. तुझ्या बापाने आणि तू मिळून केलेली शेवटची पाटी ती. पुरुषभर उंचीची दाढ, आतून पांढरीफटक, आणि कोपऱ्यात लुकलुकणारी चांदणी. मोतीबिंदू होता तोवर मला ती ढगासारखी दिसायची. आता ती रात्रभर माझ्या तोंडावर हसते.

तुझा बाप बरा आहे. जेवतो, झोपतो, पाट्यांच्या कारखान्यात जातो. तू त्या हवामान केंद्रावर नोकरीला गेलीस त्याला वर्ष होत आलं, तरी तुझं नाव काढलं की तो अजून पेचकस शोधायला लागतो. एक गोष्ट लिहू की नको असं चाललं होतं, पण दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेली बरी. कारखान्याच्या पाटीवरची "आणि कन्या" ही अक्षरं त्याने उतरवली. मी विचारलं तर म्हणाला, "खराब झाली होती."

तुझ्याकडे म्हणे अंधार मुबलक आहे. तुटते तारे कधी आणि कसे बघायचे ते लिही.

तुझी आत्या

---

१७ नोव्हेंबर

प्रिय आत्या,

मुलगा नाही गं, फुगा. रोज सकाळ-संध्याकाळ आम्ही एक मोठा पांढरा फुगा आकाशात सोडतो. त्याला खाली एक डबी टांगलेली असते. वर जाता जाता ती डबी आम्हाला कळवत राहते, इथे इतका गारठा, इथे इतका वारा. फुगा सोडताना पळावं लागतं, नाहीतर वाऱ्याने डबी कुंपणात अडकते. आमच्या प्रमुखबाई साठीला आल्या आहेत, पण माझ्यापेक्षा जोरात पळतात. केंद्रावर आम्ही दोघीच. खाली गावापर्यंत उताराचा कच्चा रस्ता आहे आणि रात्री त्या रस्त्यावर एकही दिवा नसतो.

डोळ्यांचं वाचून फार बरं वाटलं. आरशातल्या बाईंना माझा नमस्कार सांग.

आता तुझं काम. डिसेंबरच्या तेरा-चौदा तारखेच्या रात्री उल्कांचा मोठा वर्षाव असतो. दरवर्षी त्या सुमाराला पृथ्वी एका धुळीच्या पट्ट्यातून जाते. त्यातले वाळूच्या दाण्याएवढे खडे हवेत शिरतात आणि जळतात, तेच तुझे तुटते तारे. दुर्बीण वगैरे काही लागत नाही. सतरंजी टाकून उताणं पडायचं, पांघरूण घ्यायचं आणि आकाशाचा जो तुकडा सगळ्यात काळा असेल तिकडे बघत राहायचं. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला अर्धा तास लागतो, आणि ती मोडायला एक पांढरा दिवा पुरतो. तेव्हा मोबाइल घरी ठेव, आणि त्या दाढेकडे पाठ कर.

पाठ करूनही फार उपयोग होणार नाही म्हणा. तो दात किती प्रखर आहे ते मला ठाऊक आहे, आतल्या पट्ट्या मीच चिकटवल्या आहेत. चांदणी माझीच कल्पना. बाबा म्हणाले होते, "दाताला चांदणी कशाला? दात आहे की मुकुट आहे?" मग त्यांनीच ती तीनदा मोडून पुन्हा केली, नीट लुकलुकेपर्यंत.

अक्षरं उतरवली ते कळलं. ठीकच आहे. कन्या कारखान्यात नाही, तर पाटीवर तरी कशाला.

माझी नोकरी आता पक्की झाली आहे. काळजी करू नकोस.

तुझी,
ठिणगी

---

२५ नोव्हेंबर

चि. ठिणगी,

एक दात पडला. रस्त्यावरचा नव्हे, माझा.

झालं असं की तुझं पत्र वाचून मी ठरवलं, पाटी एका रात्रीपुरती बंद करून घ्यायची. तुझ्या बापाकडे गेले असते तर तुझा विषय निघाला असता आणि मग पेचकस. म्हणून म्हटलं, थेट गिऱ्हाइकालाच गाठू. बरी साडी नेसले आणि रस्ता ओलांडून दवाखान्यात गेले.

दातांचे डॉक्टर गरीब स्वभावाचे आहेत. त्यांनी बसा म्हटलं, मी बसले. ती खुर्ची बसल्याबसल्या आडवी होते हे मला कुणी सांगितलं नव्हतं. डॉक्टरांच्या तोंडाला फडकं, आणि ओठ दिसले नाहीत तर मला काही कळत नाही हे तुला माहीत आहे.

मी म्हटलं, "डॉक्टर, मी दाताचं बोलायला आले आहे."

ते काहीतरी म्हणाले. मला वाटलं, कोणता ते विचारताहेत. मी खिडकीतून वर बोट दाखवलं. त्यांना वाटलं, वरचा, डावीकडचा.

मग त्यांनी वाकून मोठ्याने विचारलं, "फार त्रास होतो का?"

"रात्रीचा फार होतो. पार डोळ्यांपर्यंत जातो. झोप लागत नाही."

"कधीपासून?"

"तुम्ही दवाखाना उघडलात तेव्हापासून."

ते थोडे चपापले, पण सभ्य माणूस आहे. म्हणाले, "काढून टाकायचा का?"

मला किती आनंद झाला म्हणून सांगू. मी म्हटलं, "एका रात्रीपुरता बंद केलात तरी चालेल. पण काढलात तर सगळी इमारत तुम्हाला दुवा देईल."

सुई टोचली तेव्हा माझ्या लक्षात आलं की आम्ही दोघं एकाच दाताबद्दल बोलत नव्हतो. पण तोवर जीभ बधिर झाली होती, आणि बधिर जिभेने मी जे काही म्हटलं तो त्यांनी होकार समजला. आता खरं सांगते, तो दात किडलेलाच निघाला, आज ना उद्या ठणकणारच होता. तेव्हा त्यांची काही चूक नाही.

तोंडात कापूस घेऊन मी कागद मागितला आणि लिहून दिलं, मला तुमच्या पाटीबद्दल बोलायचं होतं. त्यांनी वाचलं, फडकं काढलं आणि शेजारच्या स्टुलावर बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. मग बिचारे उठून माफी मागायला लागले.

पाटी बंद करायला त्यांची ना नाही. पण त्यांना ती करता येत नाही. ती अंधार पडला की आपली आपण लागते आणि उजाडलं की विझते. तिची पेटी वर भिंतीत, पेटीला कुलूप, आणि किल्ली बनवणाऱ्याकडे. "त्यांनी मला बजावलंय," डॉक्टर म्हणाले, "पाटीला हात लावायचा नाही, काही झालं तर मला बोलवायचं."

म्हणजे फिरून तुझा बापच.

तूर्त मी पेज पिऊन आहे आणि विचार करते आहे.

तुझी आत्या

---

२ डिसेंबर

प्रिय आत्या,

तुझं पत्र प्रमुखबाईंना वाचून दाखवलं. त्या फुग्याची दोरी हातात घेऊन इतक्या हसल्या की त्या दिवशी फुगा आम्हाला उशिरा सोडावा लागला. दात कसा आहे? म्हणजे दाताची जागा.

पण बाबांना विचारू नकोस. खरंच नको. मी निघाले तेव्हा त्यांनी एकच वाक्य म्हटलं होतं, "माझ्या मुलीला उजेडाचा कंटाळा आला." मी तेव्हा पिशवी उचलून निघून आले. मला उजेडाचा कंटाळा नव्हता आला, आत्या. मला लहानपणापासून ढग कसे होतात ते बघायचं होतं, एवढंच. आता तू जाऊन म्हणणार, तुझी पाटी विझव, पोरीने सांगितलंय. ते काय समजतील?

आणि नोकरी पक्की झालेली नाही. मी तुला खोटं लिहिलं. कागद आला आहे, वर्ष संपायच्या आत सही करून द्यायचा आहे. तो माझ्या टेबलावर पडून आहे. सही केली की घरी परत जायचं राहिलंच. "आणि कन्या" उतरवली हे वाचल्यापासून पेन हातात घेते आणि खाली ठेवते. बाबांनी माझ्याआधीच ठरवून टाकलं असं वाटतं.

या वर्षी उल्का राहू देत. पुढच्या वर्षी तू इथेच ये.

ठिणगी

---

८ डिसेंबर

चि. ठिणगी,

काल तुझ्या बापाकडे जाऊन आले. नीट सांगते, मध्ये वाचायचं थांबू नकोस.

तो संध्याकाळी नुकताच घरी आला होता. मी बसायच्या आधीच म्हटलं, "तेरा तारखेच्या रात्री तो दात बंद कर."

"का?"

"मला उल्का बघायच्या आहेत."

त्याने हातातली किल्ली खुंटीला लावली. मग म्हणाला, "तिने सांगितलं?"

"तिने उल्का सांगितल्या. दात माझा मी शोधला."

"ताई, माझी पाटी आजवर एक रात्र बंद राहिलेली नाही. पाटी विझली की लोक म्हणतात, दुकान बुडालं."

"लोकांना तोंडं आहेत तोवर दाताचं दुकान बुडत नाही."

तो हसला नाही. म्हणाला, "आधी दिव्यांचं काम नको म्हणाली. आता दिवेच नकोत."

"अरे, ती नाही म्हणत. मी म्हणते आहे. तुझी थोरली बहीण. जिने तुला बाराखडी शिकवली."

"जमणार नाही," असं म्हणून तो चहा करायला आत गेला. मला राग आला होता. निघून जावं म्हणून उठले, तर तुझ्या खोलीच्या दाराखालून उजेड येत होता. मला वाटलं, दिवा चुकून राहिला. मालवायला म्हणून दार उघडलं.

ठिणगी, तुझ्या पलंगावर, भिंतीला टेकवून ती अक्षरं ठेवलेली आहेत. "आणि कन्या". पेटलेली. केशरी रंगाची, सगळी खोली त्याच रंगाची झालेली. चादर बदललेली आहे, तुझी पुस्तकं पुसलेली आहेत.

मागे वळले तर तो दोन कप घेऊन दारात उभा.

मी म्हटलं, "खराब झाली होती ना?"

"बाहेर धूळ बसते."

"मग पेटवून का ठेवलीस?"

तो इतका हळू बोलला की मला ऐकू आलं नाही, ओठांवरून कळलं. म्हणाला, "संध्याकाळी घरी येताना खालून ही खिडकी दिसते. रोज काळोखी दिसायची."

मग आम्ही तुझ्या पलंगाच्या कडेला बसून चहा प्यायलो. तुझी आई गेल्यापासून त्याने मला इतकं कधी सांगितलं नव्हतं, आणि सांगितलं म्हणजे ते एवढंच. दाताचं काही तो बोलला नाही, मीही पुन्हा काढलं नाही.

पत्र चिकटवणार तोच तुझं पत्र आलं. विचारू नकोस म्हणतेस, ते विचारून झालं. सहीचं मात्र मी त्याला सांगणार आहे. रागवायचं असेल तर खुशाल रागव आणि हवं तेवढं ओरड, मला ऐकू येणार नाही.

तुझी आत्या

---

१४ डिसेंबर, दुपार

चि. ठिणगी,

काल दिवस मावळायच्या बेताला खाली तुझ्या बापाची गाडी थांबली. वर शिडी बांधलेली. तो माझ्याकडे आलाच नाही, आधी रस्त्याच्या टोकाला गेला. मी खिडकीतून बघत होते. पहिल्यांदा बुटांच्या दुकानाचा लाल बूट विझला. मग मोटार शिकवणाऱ्यांचं चाक. मग मिठाईवाल्याच्या दिव्यांची रांगच्या रांग, मग चष्मेवाल्याचे दोन डोळे, एकामागून एक. आपल्या रस्त्यावरच्या निम्म्याहून जास्त पाट्या त्याच्या हातच्या आहेत हे मला माहीत होतं, पण त्या विझताना बघितल्या तेव्हा खरं कळलं. प्रत्येक दुकानदाराशी तो दारात उभा राहून बोलत होता. नंतर मिठाईवाल्याने मला सांगितलं, "ते आधी म्हणाले देखभाल आहे. मी विचारलं, सगळ्यांची एकदम? तर म्हणाले, खरं सांगतो, माझी मुलगी उल्का बघते, आज मलाही बघायच्या आहेत." मिठाईवाल्याने मग आतलेही दिवे घालवले.

औषधाच्या दुकानाचं हिरवं चिन्ह तेवढं त्याने राहू दिलं. म्हणाला, आजारी माणसाला सापडायला हवं.

दात सगळ्यात शेवटी. शिडीवर चढून त्याने पेटी उघडली आणि बराच वेळ नुसता उभा राहिला. खाली डॉक्टर शिडी धरून उभे. मग दाढ विझली, आणि एक क्षण ती तुझी चांदणी एकटीच लुकलुकत राहिली, कारण तिची तार वेगळी आहे म्हणे. मग तीही गेली.

रस्त्याचे दिवे होतेच, त्यांना कोण काय करणार. तेव्हा तुझ्याकडच्यासारखा काळोख काही झाला नाही. पण गच्चीवर गेलो तर एकाचे वीस-पंचवीस तारे झाले होते. आमची निम्मी इमारत सतरंज्या घेऊन वर आली होती. डॉक्टर उशी घेऊन आले होते. मला बघून त्यांनी आधी माझा गाल कसा आहे ते विचारलं.

आता ऐक. कुणी "तो बघा" म्हणून ओरडलं की सगळे तिकडे माना वळवायचे, आणि तोवर तिथे काही नसायचं. मला ओरडलेलं ऐकूच येत नव्हतं. मी आपली एकाच काळ्या तुकड्याकडे बघत पडले होते. आणि सगळे उजवीकडे वळलेले असताना माझ्या डोळ्यांसमोरून एक गेली. अगदी सावकाश, चांगली लांबलचक, आणि तिच्यामागे रेघ राहिली. कुणाला सांगायचं सुचलंच नाही. नंतर बघितलं तर तुझा बापही वळलेला नव्हता. तो माझ्याच शेजारी होता, तोंड उघडं ठेवून.

थोड्या वेळाने त्याने माझ्या खांद्याला हात लावला, मी त्याच्याकडे वळले. "ती आत्ता हेच बघत असेल?"

"हो."

"तिकडून जास्त दिसत असतील."

"पुष्कळ."

"थंडीही असेल."

मग मी त्याला सहीचं सांगितलं. आज सकाळी येऊन त्याने माझ्याकडे पाकीट मागितलं. मी म्हटलं, माझ्याच पाकिटात घाल. सोबतचा कागद त्याचा आहे. मी वाचलेला नाही. म्हणजे वरवर वाचला.

तुझी आत्या

---

१४ डिसेंबर

ठिणगी,

मला पत्र लिहायची सवय नाही, कामाचे अंदाज तेवढे लिहितो. चूकभूल समजून घे.

काल तीन दिसल्या. तिसरी हिरवट होती. हिरवट का ते ताईला माहीत नाही. तुला असेल.

आठवड्यापूर्वी ताई दात बंद करायला सांगत आली तेव्हा मी नाही म्हटलं. मग रोज कामावरून येताना वर बघत आलो. काहीच दिसायचं नाही. तू इतकी वर्षं याच रस्त्यावर राहून ढगांचं नि आकाशाचं वेड कुठून लावून घेतलंस, कळत नाही. आम्ही तर तुला बघायला काही ठेवलंच नव्हतं.

कागदावर सही करून टाक. माझ्यासाठी अडवून ठेवू नकोस. कारखाना माझा मी बघतो, हात चालतात अजून. "आणि कन्या" आज परत बाहेर लावतो आहे. कन्या कुठे नोकरी करते ते पाटीवर लिहायची पद्धत नाही.

तुझ्या खोलीत दुसरा दिवा लावीन.

गरम कपडे आहेत का पुरेसे?

बाबा

---

२१ डिसेंबर

बाबा,

सही केली. तुमचं पत्र वाचलं, खाली गावात जाऊन कागद टपालात टाकला, आणि परत येताना रस्त्यात बसून आणखी एकदा वाचलं. प्रमुखबाईंना वाटलं मी घसरून पडले, म्हणून त्या मला शोधायला खाली आल्या.

तांब्याची तार जळताना ज्योत हिरवी होते, ते तुम्हीच मला दाखवलं होतंत. उल्केचंही तसंच काहीसं असतं. खड्यात कोणता धातू आहे, वरच्या हवेत काय आहे, त्यावर रंग ठरतो. तुम्हाला रंग दिसला हे मी बाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, शहरातून रंग दिसला म्हणजे माणसाची नजर चांगली आहे.

त्या रात्री मी बाहेरच होते. मोजायचं काम माझ्याकडे होतं, पण मध्येच आत्याने तुम्हाला विचारलं असेल का, तुम्ही काय म्हणाला असाल, असे विचार यायचे आणि मोजणी चुकायची. बाईंनी शेवटी कागद माझ्या हातातून काढून घेतला.

जानेवारीच्या सुरुवातीला आणखी एक वर्षाव असतो. तुम्ही इथे या. बस गावापर्यंत येते, पुढे मी घ्यायला येईन. गरम कपडे आहेत, पण तुम्ही तुमचे आणा. आणि हत्यारांची पिशवी आणा, एक काम आहे.

ठिणगी

---

५ जानेवारी

ताईस,

सुखरूप पोचलो. परवापासून इथे आहे. पोर वाळली आहे पण चांगली तरतरीत आहे. फुगा सोडताना कशी पळते ते तू बघायला हवं होतंस. त्यांच्या प्रमुखबाईंनी मलाही एकदा दोरी धरायला दिली. वाऱ्याने मला तीन पावलं ओढत नेलं, तेव्हा दोघी हसल्या.

पहिल्या रात्री तिने मला हाताला धरून बाहेर नेलं. डोळे मिटून चला म्हणाली. अंगणाच्या मध्यावर नेलं आणि म्हणाली, आता उघडा.

ताई, मी घाबरलो. खोटं कशाला बोलू. इतके असतात हे मला माहीत नव्हतं. चाळीस वर्षं दिवे बसवतोय, दिव्यांकडे बघितलं की माझी नजर आधी तार शोधते. इथे इतके दिवे आणि एकालाही तार नाही. मी तिचा दंड घट्ट धरून ठेवला. ती म्हणाली, "बाबा, पडणार नाही तुम्ही." मी म्हटलं, "माहीत आहे." पण सोडला नाही.

उल्का किती दिसल्या ते विचारू नकोस. काही वेळाने मी "ती बघ" म्हणायचं सोडून दिलं.

काम निघालं ते असं. यांच्या दारावर एक पांढरा दिवा आहे. रात्री मोजणी चालू असताना आतून कुणी बाहेर आलं की तो लागतो आणि बाहेरच्याचे डोळे दिपतात. मग पुन्हा अर्धा तास काही दिसत नाही. तिला तिथे लाल, मंद दिवा हवा होता, पायरी दिसेल इतकाच. म्हटलं, त्यात काय. तासाभरात करून लावला. ती बाहेर उभी राहिली, बघितलं, म्हणाली, "कमी करा." मी केला. "अजून कमी." पुन्हा खाली उतरवला, आत आणखी एक कागद घातला. "अजून थोडा."

आजवर माझ्याकडे एकही गिऱ्हाईक असं आलेलं नाही. सगळ्यांना शेजारच्यापेक्षा जास्त हवा असतो. कमी करण्यात इतकी मेहनत आहे हे मला माहीत नव्हतं. जरा चुकलं की दिवा पार मरतो. संध्याकाळ गेली, जेवण गार झालं, बाई झोपायला गेल्या. मी स्टुलावर चढलेला, ती खाली अंधारात, आणि दोघंही कंटाळलो नाही. पाचव्यांदा लावला तेव्हा पायरीची कड तेवढी दिसायला लागली आणि वरचं आकाश जागचं हललं नाही.

मी विचारलं, "आता?"

मला वाटलं, अजून कमी म्हणणार. खाली उतरून बघितलं तर ती पायरीवर बसली होती. म्हणाली, "बसा ना बाबा. बरोबर झालाय."

परवाच्या बसने निघणार होतो. आता पुढच्या आठवड्यात येईन म्हणतो.

तुझा भाऊ